एक वाळवंट, तीन सरहदी : बलुच मुलखाचा भूगोल समजून घेऊ या

जानेवारी 2024 मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. 16 तारखेला इराणने पाकिस्तानातील पंजगूर जिल्ह्यावर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सोडले. दोन मुले दगावल्याचे पाकिस्तानने सांगितले. 18 तारखेला पाकिस्तानने इराणमधील सरवान भागावर हल्ला केला. तिथेही मेलेल्यांमध्ये बायका आणि मुले होती. आम्ही अतिरेक्यांचे अड्डे उडवले, असे दोन्ही देशांचे म्हणणे होते. महिना संपायच्या आत दोघांचे राजदूत परत आपापल्या जागी गेले आणि लोक बातमी विसरून गेले.

त्या आठवड्यात आपल्या मोबाईलवर काय काय फिरत होते, ते आठवून पाहा. कोणी म्हणाले हा शिया-सुन्नी झगडा आहे. कोणी म्हणाले मुसलमानच मुसलमानांना मारतात, दुसऱ्यांना काय बोलायचे? आम्ही शाळेत भूगोल शिकवतो. सातवीच्या वर्गात एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, तिथे तर नुसती रेती आहे. मग भांडतात कशासाठी?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका तासात बसणारे नव्हते. म्हणून ते इथे सवडीने मांडत आहोत. घरात ॲटलास असेल तर काढून समोर ठेवा, मुलांनाही शेजारी बसवा.

हा मुलूख नेमका कुठे आहे?

नकाशावर इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान हे तीन देश जिथे एकमेकांना टेकतात, तो बिंदू शोधा. तिथे मलिक स्याह कोह नावाचा काळा, बोडका डोंगर आहे. या डोंगरापासून दक्षिणेला अरबी समुद्रावरच्या ग्वातर खाडीपर्यंत इराण-पाकिस्तानची सरहद जाते. तिची लांबी सुमारे 900 किलोमीटर आहे.

सरहदीच्या पूर्वेला पाकिस्तानचा बलुचिस्तान प्रांत, पश्चिमेला इराणचा सीस्तान-बलुचिस्तान प्रांत आणि उत्तरेला अफगाणिस्तानचे निमरोज आणि हिल्मंद हे प्रांत. तिन्हीकडे बलुच कबिले राहतात. बोली एक, पेहराव एक, सोयरिकीही एकमेकांत.

हा मुलूख किती मोठा आहे ते आपल्या मापाने पाहू. पाकिस्तानचा बलुचिस्तान प्रांत सुमारे 3 लाख 47 हजार चौरस किलोमीटरचा आहे. आपला महाराष्ट्र 3 लाख 7 हजारांचा. म्हणजे तो प्रांत महाराष्ट्रापेक्षाही मोठा. पण 2023 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या दीड कोटीच्या आतच भरली. महाराष्ट्रात 2011 मध्येच सव्वाअकरा कोटी माणसे होती. इतकी जमीन आणि इतकी थोडी माणसे, याचे कारण पाणी. आता उत्तरेकडून दक्षिणेकडे निघू आणि हे पाणी कुठे कुठे आहे ते पाहू.

सीस्तान : नदी येते, पण समुद्राला मिळत नाही

सगळ्यात वर सीस्तानचा सपाट, खोलगट भाग आहे. अरब भूगोलकार याला सिजिस्तान म्हणत. अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींच्या नावाला जोडले जाणारे 'सिज्जी' हे याच मुलखावरून आलेले आहे.

काबूलच्या पश्चिमेच्या डोंगरांतून हिल्मंद नदी निघते. सुमारे 1150 किलोमीटर वाहून ती इथे येते आणि इथेच संपते. समुद्र तिला भेटतच नाही. तिचे पाणी हामून नावाच्या उथळ सरोवरांत पसरते. ही सरोवरे अगदी इराण-अफगाणिस्तानच्या सरहदीवर आहेत. पाणी असायचे तेव्हा इथे मासेमारी चालायची, लव्हाळ्याच्या होड्या आणि चटया बनायच्या, गुरे चरायची.

इथे दरवर्षी उन्हाळ्यात एक वारा सुटतो. मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो जवळजवळ थांबतच नाही. लोक त्याला 'बाद-ए-सद-ओ-बिस्त रोजा' म्हणतात, म्हणजे एकशेवीस दिवसांचा वारा. कधी कधी त्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर जातो. जुन्या माणसांनी याच वाऱ्यालाही कामाला लावले होते. दहाव्या शतकातल्या मुस्लिम भूगोलकारांनी सीस्तानच्या पवनचक्क्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. जगातल्या पवनचक्क्यांच्या सर्वांत जुन्या पक्क्या नोंदींपैकी ही एक आहे.

सरोवर भरलेले असले की हाच वारा पाण्यावरून येताना थंड होऊन यायचा. 1999 नंतर मोठे दुष्काळ पडले, हामून कोरडे पडू लागले आणि वारा तळाची माती उचलून गावांवर टाकू लागला. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शहरांच्या हवेची आकडेवारी दिली. हवेतल्या बारीक धुळीच्या बाबतीत इराणच्या सरहदीजवळचे झाबोल शहर सर्वांत वरचे होते. तिथे मोठे कारखाने नाहीत. ती धूळ सुकलेल्या सरोवराची आहे.

पाणी कमी का झाले? दुष्काळ हे एक कारण. वर अफगाणिस्तानात नदी अडवली जाते, हे दुसरे. कजाकी धरण 1953 चे, तर सरहदीजवळच्या कमाल खान धरणाचे उद्घाटन मार्च 2021 मध्ये झाले. 1973 च्या करारानुसार सामान्य वर्षात इराणला सेकंदाला 26 घनमीटर पाणी मिळायला हवे. इराण म्हणतो पाणी देत नाहीत. अफगाण म्हणतात नदीतच नाही, तर देणार कुठून? मे 2023 मध्ये या तणावाच्या दिवसांतच निमरोजच्या सरहदीवर दोन्हीकडून गोळीबार झाला आणि माणसे मेली. आपल्याकडे दोन तालुके कालव्याच्या आवर्तनावरून भांडतात ना, तसेच हे आहे. फक्त तिथे मध्ये सरहद आहे आणि दोन्ही बाजूंना बंदुका.

चागई : रेती, दगड आणि तांबे

सीस्तानच्या खाली, पाकिस्तानच्या बाजूला चागई जिल्हा येतो. क्षेत्रफळ सुमारे 44 हजार 700 चौरस किलोमीटर, म्हणजे बारा गोवे मावतील एवढे. 2017 च्या जनगणनेत इथे फक्त सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे होती. नोककुंडी या गावी वर्षभरात सरासरी 50 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. मुंबईत एवढा पाऊस जुलैच्या एका सकाळी पडून जातो.

क्वेट्ट्याहून ताफ्तानच्या सरहद-नाक्यापर्यंतचा रस्ता इथूनच जातो. तो सहाशे किलोमीटरहून लांब आहे. मशहद आणि पुढे करबलाच्या जियारतीला निघालेल्या पाकिस्तानी कुटुंबांच्या बस याच रस्त्याने जात आल्या आहेत. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इराणहून परतलेल्या हजारो यात्रेकरूंना कोरोनामुळे ताफ्तानच्या छावणीत थांबवले होते, ते अनेकांना आठवत असेल. ओसाड गाव, पाण्याची टंचाई आणि अचानक आलेली हजारो माणसे. हाल झाले नसते तरच नवल.

रस्त्याला सोबत करत एक रेल्वेही जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ती नोश्कीच्या पुढे वाढवली आणि 1922 मध्ये इराणच्या आत दुज्दाबपर्यंत नेली. दुज्दाब म्हणजेच आजचे जाहेदान शहर. त्या काळात व्यापारासाठी गेलेली शीख कुटुंबे तिथे स्थायिक झाली आणि जाहेदानमध्ये आजही गुरुद्वारा आहे. या रेल्वेची खरी डोकेदुखी म्हणजे चालत्या टेकड्या. चंद्रकोरीच्या आकाराच्या या वाळूच्या टेकड्या वाऱ्यासोबत पुढे सरकतात आणि रूळ गिळून टाकतात. मग मजूर फावड्यांनी रूळ मोकळे करतात.

वर सगळे उजाड, पण जमिनीच्या पोटात तांबे आणि सोने आहे. सैंदक आणि रेको दिक ही नावे तिथल्या खाणींमुळे बातम्यांत येतात. याच जिल्ह्यातल्या रास कोह डोंगरात 28 मे 1998 ला पाकिस्तानने अणुचाचणी केली. म्हणजे मोठ्या माणसांच्या कामाला हा जिल्हा चालतो. आसपासच्या गावातली बाई मात्र पाण्याचा कॅन डोक्यावर घेऊन चालतच असते.

सरहदीच्या पलीकडे इराणमध्ये ताफ्तान नावाचाच ज्वालामुखी आहे, सुमारे 4000 मीटर उंच. त्याच्या तोंडातून अजूनही गंधकाचा धूर निघतो.

मकरान : समुद्र जवळ, पाणी दूर

आणखी दक्षिणेला उतरलो की मकरान लागतो. इथे डोंगरांच्या रांगा समुद्राला समांतर, पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत. मधल्या अरुंद खोऱ्यांत खजुराच्या बागा. चाबहारजवळचे मातीचे करडे डोंगर तर इतके विचित्र झिजलेले आहेत की लोक त्यांना मंगळावरचे डोंगर म्हणतात. केच खोऱ्यातल्या तुर्बत शहरात 28 मे 2017 ला 53.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले.

इसवी सनापूर्वी 325 मध्ये सिकंदर हिंदुस्तानातून परतताना याच भागातून गेला आणि त्याच्या फौजेतली असंख्य माणसे तहानेने मेली. आठव्या शतकाच्या सुरुवातीला मुहम्मद बिन कासिमची फौज सिंधकडे आली, तीही मकरानच्याच वाटेने.

हे डोंगर का उभे राहिले? इथे समुद्राखाली अरबी भूपट्टा युरेशियाच्या भूपट्ट्याखाली शिरतो आहे. त्यामुळे जमीन घडी पडल्यासारखी वर उचलली जाते आणि मोठे भूकंपही होतात. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे पसनीजवळ असा भूकंप झाला आणि त्सुनामी उठली. तिच्या लाटा कराची, कच्छ असे करत थेट मुंबईपर्यंत आल्या आणि मुंबईतही माणसे वाहून गेली. मकरान आपल्याला दूर वाटतो, पण आपला कोकण आणि तो एकाच समुद्राच्या काठावर आहेत.

इराणच्या दश्तयारी भागातली गावे पावसाचे पाणी मोठ्या खड्ड्यांत साठवतात. त्यांना 'हूतक' म्हणतात. माणसे, शेळ्या आणि उंट, सगळ्यांना तेच पाणी. त्याच पाण्यात 'गांदो' नावाची मगरही राहते. पाणी भरायला गेलेल्या मुलांवर मगरीने हल्ला केल्याच्या, मुले हूतकात बुडाल्याच्या बातम्या येत असतात. तरी गावकरी गांदोला मारत नाहीत. जिथे गांदो तिथे पाणी, असा त्यांचा समज आहे.

कारेज : जमिनीखालची नहर

मग इतकी शतके इथे माणसे जगली कशी? त्याचे उत्तर कारेज. इराणमध्ये याला कनात म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून पाणी शोधायचे आणि तिथून गावापर्यंत जमिनीखालून हलक्या उताराचा बोगदा काढायचा. मध्ये मध्ये हवा आणि सफाईसाठी उभ्या विहिरी. मोटार नाही, पंप नाही. पाणी उताराने आपोआप येते आणि उन्हात सुकत नाही. इराणच्या कनातींना 2016 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली.

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे नहर-ए-अंबरी बांधली, तीही याच तत्त्वावर. पाणचक्की पाहायला गेलेल्या मुलांना हे जरूर सांगा.

कारेजची गंमत अशी की ती एकट्याची नसते. पाणी कोणाला किती वेळ मिळणार, बोगदा कोण साफ करणार, हे सगळे गाव मिळून ठरवते. पाकिस्तानच्या बलुचिस्तानात नंतर कूपनलिका आल्या, त्यांना स्वस्त वीज मिळाली. ज्याच्याकडे पैसा त्याने खोल बोअर मारला. भूजल खाली गेले आणि कितीतरी कारेज कोरड्या पडल्या. कारेज गेली तशी गावाने एकत्र बसण्याची ती रीतही गेली. आपल्या मराठवाड्यातही बोअरने हेच केले आहे.

रेघ कोणी ओढली?

आता सरहदीकडे येऊ. ही रेघ बलुचांनी ओढलेली नाही. इंग्रजांना लंडन ते हिंदुस्तान अशी तार न्यायची होती. ती मकरानच्या किनाऱ्याने जाणार होती. त्या कामावरचे अधिकारी फ्रेडरिक गोल्डस्मिड यांनाच पुढे सरहद ठरवायला नेमले. 1871 मध्ये दक्षिणेकडची रेघ ठरली, 1872 मध्ये सीस्तानची वाटणी झाली आणि उरलेला तुकडा 1896 मध्ये आखला गेला. अफगाणिस्तानची रेघही त्याच काळातली.

साहेबांना तार सुरक्षित हवी होती, रशिया लांब हवा होता. कोणत्या कबिल्याची कुरणे कुठे आणि विहिरी कुठे, हा त्यांच्या दृष्टीने दुय्यम मामला होता. ग्वादरचे उदाहरण घ्या. हे बंदर 1958 पर्यंत ओमानच्या सुलतानाचे होते, त्या वर्षी पाकिस्तानने ते विकत घेतले. आज तिथे चीनच्या मदतीने मोठे बंदर झाले आहे. तिथून जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरवर इराणच्या चाबहार बंदरातल्या एका टर्मिनलसाठी भारताने मे 2024 मध्ये दहा वर्षांचा करार केला. बंदरे मोठी होत आहेत. पण 2021 मध्ये ग्वादरचे कोळी आणि त्यांच्या बायका रस्त्यावर बसल्या होत्या, त्यांच्या मागण्या पिण्याचे पाणी, मोठ्या ट्रॉलरना बंदी आणि सरहदीवरच्या व्यापाराला मोकळीक, एवढ्याच होत्या.

रेघेवरचे जगणे

सरहदीवरचा व्यापार म्हणजे मुख्यतः तेल. इराणमध्ये सरकारी सवलतीमुळे पेट्रोल-डिझेल फार स्वस्त. ते निळ्या पिकअप गाड्यांत भरून डोंगरातल्या वाटांनी पाकिस्तानात येते. हे करणाऱ्या तरुणांना इराणमध्ये 'सूख्तबर' म्हणतात, म्हणजे इंधन वाहणारा. कायद्याने ही तस्करी आहे. पण शेती सुकली, कारखाना नाही, नोकरी नाही, मग गाडीवर चढण्यावाचून घर चालत नाही. कोणी आगीत जळतो, कोणी गोळीने मरतो. दोन्ही देशांनी आता भिंती आणि तारेची कुंपणे उभी केली आहेत.

आणि तरीही रेघेपलीकडे नाते तुटलेले नाही. ग्वादर, तुर्बत, पंजगूर या पाकिस्तानी भागांना बरीच वीज इराणमधून येते. सरहदीजवळ राहणाऱ्यांना 'राहदारी' नावाचा परवाना मिळतो, त्यावर काही दिवस पलीकडच्या नातेवाइकांकडे जाता येते. मे 2023 मध्ये मंद-पिशीन इथे दोन्ही देशांनी मिळून सरहदीवर बाजारही उघडला.

रमजानमधली एक गोष्ट मुलांना फार आवडते. पाकिस्तानचे घड्याळ इराणच्या दीड तास पुढे आहे. सरहदीच्या दोन बाजूंची दोन गावे घ्या. सूर्य दोन्हीकडे जवळपास एकाच क्षणी बुडतो. एका घरात घड्याळात सात वाजलेले असतात, दुसऱ्या घरात साडेपाच. खजूर मात्र दोन्हीकडे एकदमच तोंडात जाते.

पुन्हा पंजगूर आणि सरवान

ही खजूर कोणती? रमजानमध्ये आपल्या बाजारात डब्यांतून येणारी काळी, मऊ इराणी खजूर तुम्ही आणता ना, ती 'मझाफती' जातीची असते. बम शहराबरोबरच सरवानमध्येही तिच्या बागा आहेत. पंजगूरही याच जातीच्या खजुरासाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही गावे सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत, म्हणजे पुण्याहून नाशिक जेवढे, साधारण तेवढ्याच अंतरावर आहेत.

आणखी एक गोष्ट ॲटलासमध्ये बारकाईने पाहा. सरवानकडून माशकीद नदी निघते आणि सरहद ओलांडून पूर्वेला येते. पंजगूरकडून रखशान नदी निघते. पावसाळी पाणी आले की दोन्ही एकमेकींना मिळतात आणि पुढे जाऊन एकाच खाऱ्या हामूनमध्ये, हामून-ए-माशकेलमध्ये आटून जातात. जानेवारी 2024 मध्ये क्षेपणास्त्रे पडली ती या एकाच नदीच्या दोन फांद्यांवरच्या गावांत.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे. तिथे नुसती रेती नाही. तिथे थोडेसे पाणी आहे, जमिनीखाली तांबे-सोने आहे, किनाऱ्यावर बंदरे आहेत, आणि या सगळ्यांच्या मधून दीडशे वर्षांपूर्वी परक्यांनी ओढलेली रेघ आहे. बंदूक उचलणारे गट तिथे आहेत, मजहबी आणि कौमी तक्रारीही आहेत, ते नाकारून चालणार नाही. इराणमध्ये सुन्नी बलुचांना आपली उपेक्षा होते असे वाटते. पण पाकिस्तानातल्या बलुचांचीही उपेक्षेची तक्रार आहे, आणि तिथे सरकार शियांचे नाही. म्हणजे सगळे खापर फिरक्यांवर फोडून उत्तर मिळत नाही. तहानलेला, बेरोजगार आणि राजधानीपासून दूर असलेला माणूस दोन्ही बाजूंना सारखाच आहे.

आम्ही त्या मुलाला फळ्याजवळ बोलावून या दोन नद्या खडूने काढायला लावल्या. सरहद आम्ही मुद्दाम नंतर काढली. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, मग यांचे पाणी तर एकच आहे."

पुढच्या वेळी या मुलखाची बातमी आली की तो मेसेज पुढे पाठवण्याआधी घरातल्या मुलांना एवढेच विचारा, ते गाव कोणत्या नदीवर आहे? मुले नकाशा उघडतील, आणि आपल्यालाही तो बघावा लागेल.